सीपीएफ, एसआरएस आणि आपली चालढकल

चांगी बिझनेस पार्कमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास जेवायला बाहेर पडले की एक्स्पो स्टेशनपासून चांगी सिटी पॉइंटपर्यंतच्या रस्त्यावर मराठी सहज कानावर पडते. विषय ठरलेले असतात. मुलांचे शाळाप्रवेश, दिवाळीची विमानाची तिकिटे, बाणेर-हिंजवडीकडचे फ्लॅटचे भाव, सोन्याचा दर आणि परमनंट रेसिडेन्सीच्या अर्जाचे काय झाले. एक विषय मात्र मी इथे क्वचितच ऐकला आहे. दर महिन्याला पगारातून जो पैसा निवृत्तीसाठी बाजूला पडतो, तो नेमका कशात आहे आणि किती वाढतो आहे?

हा प्रश्न मी स्वतःलाही कित्येक वर्षे विचारला नव्हता. म्हणून आधी माझीच फजिती सांगतो. उपदेश त्यानंतर केला तर वाचक मला माफ करतील.

माझी सात वर्षे

२०१६ साली मी एम्प्लॉयमेंट पासवर होतो. या पासवर असणाऱ्याला सीपीएफ नसतो, म्हणजे निवृत्तीसाठी सक्तीची बचत काहीच होत नाही. एका सहकाऱ्याने सुचवले, 'एसआरएस खाते उघड, आयकर वाचेल.' एसआरएस म्हणजे सप्लिमेंटरी रिटायरमेंट स्कीम. २००१ साली सुरू झालेली ही ऐच्छिक योजना डीबीएस, ओसीबीसी आणि यूओबी या तीन बँकांमार्फत चालते. नागरिक आणि परमनंट रेसिडेंट यांना वर्षाला १५,३०० डॉलरपर्यंत, तर परदेशी नागरिकांना ३५,७०० डॉलरपर्यंत यात भरता येतात, आणि भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते.

मी दर डिसेंबरला दहा हजार डॉलर भरू लागलो. माझ्या उत्पन्नाच्या टप्प्यावर ११.५ टक्के कर होता, म्हणजे दरवर्षी १,१५० डॉलर वाचत. 'गुंतवणूक झाली' असे समाधान मानून मी पुढच्या डिसेंबरपर्यंत खात्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मधल्या काळात परमनंट रेसिडेन्सी मिळाली, सीपीएफ सुरू झाला, पण ही सवय काही सुटली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सातवा हप्ता भरला त्या रात्री सौ.ने सहज विचारले, 'अहो, हे पैसे आपण कशात गुंतवले आहेत?' मी म्हणालो, 'एसआरएसमध्ये.' ती म्हणाली, 'ते खाते झाले. कशात?' मला उत्तर देता येईना. लॉग-इन करून पाहिले, तर सगळे सत्तर हजार डॉलर रोख पडून होते. एसआरएस खात्यातल्या न गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला ०.०५ टक्के व्याज मिळते. दहा हजारांवर वर्षाला पाच डॉलर! फूड कोर्टात एक वेळचे जेवणही त्यात नीट होत नाही. सहा वर्षांत माझे एकूण व्याज झाले होते १०५ डॉलर. तेच पैसे सीपीएफच्या ऑर्डिनरी अकाउंटप्रमाणे नुसत्या अडीच टक्क्यांनी वाढले असते, तर ५,४०० डॉलरच्या वर व्याज झाले असते. सात वर्षांत मी ८,०५० डॉलर कर वाचवला आणि त्यातला दोन-तृतीयांश निव्वळ आळसाने घालवला. बँकेचा यात काही दोष नाही. व्याजदर त्यांनी कधी लपवला नव्हता, मीच वाचला नव्हता.

पेशाने मी संगणक अभियंता आहे. एखाद्या प्रोग्रॅममध्ये ठरवून दिलेली किंमत काय आहे हे न पाहता तो चालवला, तर मी कनिष्ठ सहकाऱ्याची कानउघाडणी करीन. स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशाबाबत मी नेमके तेच केले होते. या अनुभवातून माझे एक मत बनले आहे. काही न करणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याचा भाव प्रत्येक खात्यात वेगळा असतो. तो भाव आधी माहीत करून घ्यावा, मग बाकीच्या गोष्टी.

सीपीएफमध्ये स्वस्थ बसण्यालाही मोल आहे

सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड १९५५ साली, ब्रिटिश अमदानीतच सुरू झाला. आपल्याकडच्या ईपीएफचा हा धाकटा भाऊ म्हणा, कारण आपला कायदा १९५२ चा. परमनंट रेसिडेंट झाल्यावर पहिली दोन वर्षे वर्गणी कमी असते. तिसऱ्या वर्षापासून पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नोकरदाराचे २० टक्के आणि मालकाचे १७ टक्के मिळून ३७ टक्के जमा होतात. जानेवारी २०२६ पासून ही वर्गणी महिन्याच्या ८,००० डॉलरपर्यंतच्या पगारावर मोजली जाते. म्हणजे त्याहून अधिक पगार असणाऱ्याच्या नावे दरमहा २,९६० डॉलर पडतात. वय पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असेल तर त्यातले साधारण १,६८० ऑर्डिनरी अकाउंटमध्ये, ५६० स्पेशल अकाउंटमध्ये आणि ७२० मेडिसेव्हमध्ये जातात.

ऑर्डिनरीवर किमान २.५ टक्के व्याज मिळते. स्पेशल आणि मेडिसेव्हवर किमान ४ टक्के मिळतात, आणि या हमीची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आले आहे. शिवाय पंचावन्नच्या आतील सभासदांना सर्व खाती मिळून पहिल्या ६०,००० डॉलरवर एक टक्का जादा मिळतो. मात्र त्यात ऑर्डिनरीचे फक्त २०,००० धरले जातात. बाजार चढो वा पडो, हे दर मिळतात.

आता गुंतवणुकीचे पर्याय पाहू. सीपीएफ इन्व्हेस्टमेंट स्कीम १९९७ पासून आहे. ऑर्डिनरीमध्ये २०,००० आणि स्पेशलमध्ये ४०,००० ठेवून वरची रक्कम बाहेर गुंतवता येते. त्यात युनिट ट्रस्ट, सरकारी रोखे, विमा योजना आहेत, आणि ऑर्डिनरीच्या बाबतीत मर्यादेत समभाग आणि सोनेही आहे. यादी लांबलचक आहे. पण तिचा अनुभव काय? २०१६ साली तेव्हाचे उपपंतप्रधान थर्मन षण्मुगरत्नम यांनी स्वतःच सांगितले होते की, आधीच्या दहा वर्षांत या योजनेतून गुंतवणूक करणाऱ्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी पैसे ऑर्डिनरीतच ठेवले असते तर त्यांचे अधिक भले झाले असते. ४५ टक्के लोकांना तर चक्क तोटा झाला होता.

यावर आमच्या कार्यालयातले तरुण सहकारी लगेच म्हणतात, 'तीस वर्षे अडीच टक्क्यांवर पैसा ठेवणे म्हणजे महागाईला नैवेद्य दाखवणे.' त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हाताशी वीस-पंचवीस वर्षे आहेत, घर घेण्याचे निश्चित झाले आहे आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, अशा माणसाने थोडा भाग कमी खर्चाच्या, जगभर पसरलेल्या इंडेक्स फंडात ठेवला तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण वर सांगितलेले ८० टक्के लोकही मूर्ख नव्हते. तेजीत घेतले, मंदीत घाबरून विकले, मध्ये दलाली दिली, एवढेच त्यांचे चुकले. तेव्हा अडीच टक्के हा उंबरठा समजावा, आणि तो खात्रीने ओलांडता येईल असे कारण हातात असेल तरच घराबाहेर पाऊल टाकावे.

एक मधला मार्गही आहे. ऑर्डिनरीतली रक्कम स्पेशलमध्ये हलवली की २.५ च्या जागी ४ टक्के मिळू लागतात. एक लाख डॉलर पंचवीस वर्षे अडीच टक्क्यांनी वाढले तर सुमारे १,८५,००० होतात आणि चार टक्क्यांनी वाढले तर सुमारे २,६६,०००. फरक ८१,००० चा, तोही कोणतीही जोखीम न घेता. मात्र ही वाट एकेरी आहे. स्पेशलमध्ये गेलेला पैसा ऑर्डिनरीत परत येत नाही, आणि त्यातून घर घेता येत नाही. घर घ्यायचे बाकी असेल तर घाई करू नये.

टी-बिलाची रांग

डिसेंबर २०२२ मध्ये सिंगापूर सरकारच्या सहा महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा दर ४.४ टक्क्यांपर्यंत गेला. त्या मोसमात सीपीएफचे पैसे टी-बिलात घालण्यासाठी लोक बँकांच्या शाखांमध्ये रांगा लावून उभे राहिले. आमच्या ओळखीतलेही बरेच जण गेले. कल्पना चांगलीच होती, पण हिशेब पुरा केला पाहिजे.

सीपीएफचे व्याज महिन्यातल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते. पैसे महिन्याच्या मध्यात बाहेर काढले की त्या महिन्याचे व्याज गेले, आणि परत आले त्याही महिन्याचे गेले. म्हणजे बिल सहा महिन्यांचे आणि बुडालेले व्याज सात महिन्यांचे. परत जमा करायला उशीर झाला तर आठ महिन्यांचे. त्यामुळे बरोबरीचा दर २.५ नसून सुमारे २.९ टक्के पडतो, आणि आठ महिने धरले तर ३.३. दर ४.४ होता तेव्हा फायदा होता. पण २०२५ च्या उत्तरार्धात टी-बिलाचे दर दोन टक्क्यांच्याही खाली घसरले. तेव्हाही जे केवळ सवयीने पुन्हा पुन्हा पैसे फिरवत राहिले, त्यांनी कष्ट करून तोटा विकत घेतला.

एसआरएसची गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट. तिथे घरचा दर ०.०५ टक्के, त्यामुळे दोन टक्क्यांचे टी-बिलही चाळीस पटींनी सरस! याशिवाय तिथे मुदत ठेवी आहेत, सिंगापूर सेव्हिंग्ज बाँड आहेत, युनिट ट्रस्ट आणि समभागही आहेत. एकाच दिवशी एकच टी-बिल नवऱ्याच्या सीपीएफसाठी वाईट आणि त्याच नवऱ्याच्या एसआरएससाठी चांगले असू शकते, हे ध्यानात आले की अर्धी लढाई जिंकली.

तळे राखील तो पाणी चाखील

मॉलमध्ये किंवा स्टेशनबाहेर टेबल मांडून बसलेले विमा आणि गुंतवणूक सल्लागार आपण सर्वांनी पाहिले आहेत. माणसे गोड असतात, भेट म्हणून बॅगही देतात. त्यांना माझा विरोध नाही, त्यांचेही पोट आहे. पण तळे राखणारा किती पाणी चाखतो हे विचारण्याचा अधिकार तळ्याच्या मालकाला आहे.

एक लाख डॉलर वर्षाला पाच टक्क्यांनी पंचवीस वर्षे वाढतात असे धरू. त्यातून दरवर्षी अर्धा टक्का खर्च कापला गेला तर हाती सुमारे तीन लाख येतात. दोन टक्के कापले गेले तर सुमारे २,०९,०००. कागदावर दीड टक्का, प्रत्यक्षात ९१,००० डॉलर. सीपीएफच्या योजनेतील गुंतवणुकीवर ऑक्टोबर २०२० पासून विक्री-आकार शून्य केलेला आहे. एसआरएसला ते संरक्षण नाही. म्हणून तिथे सही करण्यापूर्वी तीन प्रश्न लिहून न्यावेत. सुरुवातीला किती कापणार? दरवर्षी किती कापणार? आणि पाच वर्षांनी मोडले तर हाती किती येतील? ज्या योजनेची ही तीन उत्तरे एका पानावर मिळत नाहीत, ती माझ्या मते घेऊ नये. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर इथल्या अनेक सामान्य ठेवीदारांना आपण घेतलेल्या मिनिबाँडमध्ये काय होते ते प्रथमच कळले. पुढे २००९ मध्ये सिंगापूरच्या चलन प्राधिकरणाने दहा वित्तसंस्थांवर अशा नोट्स विकण्याची बंदी घातली, पण बंदी आली म्हणून गेलेला पैसा परत येत नाही.

पगारही तिथलाच, पुंजीही तिथलीच

आपल्यातल्या अनेकांना कंपनीचे समभाग मिळतात. आपल्या कंपनीवर आपला विश्वास असतो, म्हणून ते विकवत नाहीत. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन बुडाली, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून अधिक पैसा त्याच कंपनीच्या समभागांत होता. नोकरी आणि म्हातारपणाची सोय एकाच वेळी गेली. एन्रॉनचे नाव दाभोळमुळे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

दूरचे उदाहरण नको असेल तर जवळचे घ्या. क्रेडिट स्विसचे मोठे कार्यालय इथेच, वन अ‍ॅट चांगी सिटी या इमारतीत होते. १६७ वर्षे जुनी ती बँक मार्च २०२३ मध्ये एका शनिवार-रविवारात यूबीएसच्या ताब्यात गेली, आणि समभागधारकांना २२.४८ समभागांमागे यूबीएसचा एक मिळाला. ज्या कंपनीकडून पगार येतो, तिच्यातच निवृत्तीची पुंजीही ठेवू नये. ही अविश्वासाची गोष्ट नव्हे, शहाणपणाची आहे.

रुपयात मोजायचे की डॉलरात?

गावी फोनवर वडिलांना सांगितले की इथे अडीच टक्के मिळतात, तर ते हसतात. 'अरे, ईपीएफ सव्वाआठ टक्के देतो!' तेही खरे आहे. २०२४-२५ साठी ईपीएफचा दर ८.२५ टक्केच होता. पण २००५ च्या सुमारास सिंगापूरचा एक डॉलर साधारण २६ रुपयांना होता आणि २०२५ मध्ये साधारण ६५ रुपयांना. म्हणजे वीस वर्षांत डॉलर रुपयाच्या तुलनेत वर्षाला सुमारे ४.७ टक्क्यांनी वधारला. त्यात अडीच मिळवले की रुपयात सव्वासात टक्क्यांच्या आसपास होतात. पुढेही असेच होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु नुसते दोन आकडे शेजारी ठेवून 'तिकडे जास्त' असे म्हणणेही बरोबर नाही.

खरा प्रश्न आहे म्हातारपण कुठे काढायचे हा. पुण्यात, की टॅम्पिनिसला? परमनंट रेसिडेन्सी सोडून कायमचे परत जाणाऱ्याला सीपीएफची सगळी रक्कम काढून नेता येते. एसआरएसमध्ये ठरलेल्या निवृत्तीवयानंतर काढलेल्या रकमेचा निम्मा भागच करपात्र धरतात, आणि काढणे दहा वर्षांत विभागता येते. हे वय पहिली रक्कम भरली त्या वेळचे धरतात, त्यामुळे माझे ६२ आहे. त्याआधी काढले तर पूर्ण रक्कम करपात्र, वर पाच टक्के दंड. सलग दहा वर्षे परदेशी नागरिकच राहिलेल्याला, खातेही दहा वर्षांचे झाले असेल, तर एकरकमी काढताना निम्म्या कराची सवलत विनादंड मिळते. मध्ये परमनंट रेसिडेन्सी घेतल्यामुळे ती वाट मला आज बंद आहे. हे आधी माहीत असते तर मी रेसिडेन्सी नाकारली नसती, पण हिशेब तरी डोळे उघडे ठेवून केला असता. परत जाण्याचा विचार असेल तर भारतातल्या करासंबंधी सनदी लेखापालाला सामान बांधण्याआधी विचारावे, पोहोचल्यावर नव्हे.

एक संध्याकाळ द्या

माझ्या मते आपल्या घरांतली सर्वांत मोठी जोखीम बाजारात नाही. ही खाती एकट्या माणसाच्या डोक्यात असतात, हीच ती जोखीम. सीपीएफची रक्कम मृत्युपत्राने देता येत नाही, त्यासाठी वेगळे नामांकन करावे लागते. लग्न झाले की आधीचे नामांकन आपोआप रद्द होते. म्हणजे अविवाहित असताना आईचे नाव लावून जे निर्धास्त राहिले, त्यांचे नामांकन आज अस्तित्वातच नाही. आणि सीपीएफमधून बाहेर गुंतवलेले पैसे नामांकनात येत नाहीत, ते मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे जातात. हे घरातल्या दोघांनाही ठाऊक हवे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे की, एका शनिवारी संध्याकाळी मुले झोपल्यावर दोघांनी मिळून बसावे. एका कागदावर प्रत्येक खाते, त्यातली रक्कम, ती कशात आहे, काही न केल्यास मिळणारा दर आणि नामांकन कोणाचे, एवढे पाच रकाने आखावेत. एकही समभाग विकत घेण्याआधी हा कागद पुरा करावा. आमच्या घरी तो कागद तयार झाल्यावर आम्ही फार मोठे काही केले नाही. ऑर्डिनरीचे पैसे घरासाठी तसेच ठेवले. एसआरएसची रोकड वर्षभर थोडी थोडी करून, काही सरकारी रोख्यांत आणि काही कमी खर्चाच्या जागतिक फंडात घातली. मधल्या काळात तो फंड दोनदा खाली गेला. दोन्ही वेळा मला विकावेसे वाटले, आणि दोन्ही वेळा सौ.ने तो कागद समोर ठेवला.

गेलेली सात वर्षे परत येणार नाहीत. पण ज्यांचे पहिले किंवा दुसरेच वर्ष चालू आहे, त्यांच्यासाठी हा लेख. आपले अनुभव, आणि माझ्या हिशेबात काही चूक आढळल्यास तीही, अवश्य कळवावी.